मे महिन्यातला गार समुद्र : स्कॉटलंडचा किनारा, पाण्याचं तापमान आणि पट्टीचे पोहणारे



गेल्या मे महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. मुलगा शिकायला एडिंबराला आहे. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. स्वच्छ ऊन, पिवळी वाळू, पोहण्याच्या कपड्यातली माणसं, मागे निळा समुद्र. आई म्हणाली, "बाई, रविवारी हा मित्रांबरोबर समुद्रावर पोहायला जाणार म्हणतोय. आमचा पोरगा खाडीत वाढलेला, त्याच्या पोहण्याची मला काळजी नाही. पण त्याच्या खोलीतला मुलगा म्हणाला, आधी पाण्यात हात घालून बघ, मग बोल. असं का म्हणाला असेल हो?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मला चौथीच्या भूगोलापासून दहावीच्या विज्ञानापर्यंत सगळं आठवावं लागलं. आज आपल्याकडची कितीतरी मुलं इंग्लंड-स्कॉटलंडला शिकायला जातात, म्हणून वाटलं की हे सविस्तर लिहावं. तेव्हा चला, आधी समुद्र समजून घेऊ, मग शरीर.

एडिंबरा कुठे आहे?

नकाशा उघडा. एडिंबरा साधारण ५६ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. मॉस्कोही जवळपास त्याच अक्षवृत्तावर. शहराच्या उत्तरेला 'फर्थ ऑफ फोर्थ' नावाची मोठी खाडी आहे आणि ती पूर्वेला उत्तर समुद्राला मिळते. पोर्टोबेलो हा शहरातलाच समुद्रकिनारा. आपल्या दादर-गिरगावसारखा, बसने जाता येतो असा.

मॉस्कोत हिवाळ्यात नदी गोठते, मग इथला समुद्र का गोठत नाही? अटलांटिक महासागरातून उबदार पाण्याचा एक प्रवाह ईशान्येकडे वाहतो, त्याला उत्तर अटलांटिक प्रवाह म्हणतात. त्यातलं काही पाणी स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालून उत्तर समुद्रात शिरतं. शिवाय वारे बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे महासागरावरून येतात. त्यामुळे समुद्र गोठत नाही. पण न गोठणं वेगळं आणि उबदार असणं वेगळं, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

आता आकडे बघा. फर्थ ऑफ फोर्थच्या पाण्याचं तापमान फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये सर्वांत कमी, सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअस असतं. एप्रिलमध्ये ७ च्या आसपास. मे महिन्यात ९-१०. जूनमध्ये ११-१२. ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त, तेही १४-१५. मग उतरण सुरू होते. ऑक्टोबरमध्ये ११-१२, नोव्हेंबरमध्ये ९-१०, डिसेंबरमध्ये ७-८. दरवर्षी एखाद्-दुसरा अंश इकडे-तिकडे होतो, पण क्रम हाच.

या यादीत एक गंमत आहे, दिसली का? ऑक्टोबरचं पाणी मे महिन्याच्या पाण्यापेक्षा उबदार आहे! आणि मे महिन्याचं पाणी नोव्हेंबरइतकंच गार. मे महिन्यात एडिंबराला दिवस सोळा-सतरा तासांचा असतो, हवा कधीकधी २० अंशांपर्यंत जाते, माणसं आइस्क्रीम खातात. नोव्हेंबरात दुपारी चार वाजताच अंधारायला लागतं, वारा बोचतो. नोव्हेंबरात समुद्राकडे बघून कुणालाच उडी मारावीशी वाटत नाही. मे महिन्यात वाटते. पाणी मात्र तेच! आईने विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

समुद्र उशिरा का तापतो?

घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाचं पाणी पडतंय, खालून घरात वापर चालू आहे. नळ दुपारी बारा वाजता सर्वांत जोरात होता, नंतर धार थोडी कमी झाली. टाकीची पातळी बारा वाजता सर्वांत जास्त असेल का? नाही. येणारं पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी चढतच राहणार. दोन्ही सारखे होतील तेव्हा पातळी सर्वांत वर असेल, आणि ती वेळ बारानंतरच येणार.

समुद्राचं तसंच आहे. सूर्याची 'धार' २१ जूनला सर्वांत जास्त. तेव्हा एडिंबराला भरदुपारी सूर्य साधारण साडेसत्तावन्न अंश वर असतो आणि दिवस साडेसतरा तासांचा. २१ डिसेंबरला तोच सूर्य दुपारी जेमतेम साडेदहा अंश वर येतो आणि दिवस सात तासांचा. पण जूननंतरही येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते, म्हणून समुद्र ऑगस्टपर्यंत तापत राहतो. उलट डिसेंबरनंतरही समुद्र उष्णता गमावतच राहतो, म्हणून सर्वांत गार पाणी मार्चमध्ये.

मग हवा आणि जमीन इतका उशीर का करत नाहीत? इथे आपली विशिष्ट उष्माधारकता येते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो कोरड्या वाळूला त्याच्या साधारण पाचवा हिस्सा पुरतो. हवेशी तुलना तर आणखी मजेशीर आहे. एक खोली पाण्याने काठोकाठ भरली आणि ते पाणी फक्त एक अंशाने थंड झालं, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने तेवढ्याच आकाराच्या सुमारे साडेतीन हजार खोल्यांमधली हवा एक अंशाने तापेल. पाणी म्हणजे उष्णतेचं केवढं मोठं कोठार आहे, बघा. हे कोठार भरायलाही वेळ लागतो आणि रिकामं व्हायलाही.

आपल्या कोकणाशी तुलना करू. आपल्याकडे समुद्र सर्वांत गार जानेवारी-फेब्रुवारीत असतो, तरी मुंबईजवळ २४-२५ अंशांच्या खाली फारसा जात नाही. मे महिन्यात तो ३० च्या घरात पोचतो. मग जूनमध्ये ढग येतात, पाऊस येतो, जोराचा वारा पाणी घुसळतो, आणि तापायचं थांबतं. म्हणजे आपल्या टाकीचा नळ पावसाळा अर्ध्यातच बंद करतो! म्हणून आपल्या मुलाच्या डोक्यात 'मे म्हणजे समुद्र सर्वांत उबदार' हे गणित पक्कं बसलेलं असतं. लहानपणापासून अंगाने शिकलेलं आहे ते. दुसऱ्या समुद्रावर तेच गणित चुकतं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर या उशिराचा एक डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की उबदार दमट हवा गार समुद्रावरून येते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि दाट धुकं किनाऱ्यावर सरकतं. दोन-चार किलोमीटर आत लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर समोरचं दिसत नाही, अशी अवस्था. या धुक्याला तिथले लोक 'हार' म्हणतात. आपल्या हाराशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव मुलांच्या लक्षात राहतं.

होपचं उपकरण आणि होपचंच शहर

दहावीच्या मुलांनी इथे हात वर केला पाहिजे. "बाई, पाणी ४ अंशाला सर्वांत जड होतं ना? मग गार पाणी वरच राहायला हवं आणि खाली ४ अंशाचं!" पाण्याचे असंगत आचरण शिकवताना आपण होपच्या उपकरणाची आकृती काढतो. ते थॉमस चार्ल्स होप एडिंबरा विद्यापीठातच रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो प्रयोग त्याच शहरात केला.

पण होपचा नियम गोड्या पाण्याचा. स्कॉटलंडमधल्या तळ्यांना तो लागू पडतो. तिथे ४ अंशांखालचं पाणी हलकं होऊन वर राहतं आणि कडक थंडीत वर बर्फ धरतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, किलोमागे साधारण ३४-३५ ग्रॅम. इतकं मीठ असलं की पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं आणि ते गोठतंही शून्याच्या खाली, उणे १.९ अंशाच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात वरचं थंड पाणी खाली बुडतं, खालचं वर येतं, आणि उथळ समुद्र वरपासून तळापर्यंत सगळाच गार होतो. त्यात भरती-ओहोटी आहेच. एडिंबराच्या लीथ बंदरात उधाणाच्या भरतीला पाण्याच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर घुसळलं जातं. म्हणून 'वरवरचं पाणी उन्हाने तापलं असेल' ही आशा इथे फारशी कामाची नाही. फक्त उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या वाळूवरून भरती चढते तेव्हा किनाऱ्यालगत थोडं कोमट लागतं, इतकंच.

दहा अंशाच्या पाण्यात शरीराचं काय होतं?

सगळ्यांना वाटतं, गार पाण्यात माणूस हळूहळू गारठतो आणि मग बुडतो. तसं नाही. गारठायला वेळ लागतो. धोका त्याच्या कितीतरी आधी असतो, पहिल्या मिनिटातच.

त्वचेत थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं की ती सगळी एकाच वेळी मेंदूला खबर देतात, आणि माणूस न ठरवता मोठा श्वास आत ओढतो. आपण हिवाळ्यात पहाटे गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतो तेव्हा 'हाऽ' होतं ना, तेच, पण कितीतरी पटीने मोठं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर आत हवा जात नाही, पाणी जातं. पुढे एक-दोन मिनिटं धाप लागल्यासारखा भराभर श्वास चालतो, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. याला शीतजल-धक्का म्हणू. १५ अंशांखालच्या पाण्यात त्याचा धोका धरायचा, असं ब्रिटन-आयर्लंडमध्ये समुद्रातून माणसं वाचवणारी संस्था, आर.एन.एल.आय., सांगते. १५ अंश! म्हणजे वर दिलेल्या यादीत ऑगस्टसुद्धा जेमतेम काठावर आहे.

यात पोहता येण्याचा संबंध कुठे आला? कुठेच नाही. तोच तर मुद्दा आहे. श्वास ताब्यात नसेल तर हातपाय मारण्याचा ताल लागत नाही. पट्टीचा पोहणारा उलट जास्त धोक्यात, कारण तो धक्क्यावरून बिनधास्त सूर मारतो. न पोहणारा निदान घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून 'बापरे' म्हणतो आणि मागे फिरतो.

धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो. मग दुसरी अवस्था. त्वचेच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आतली ऊब आत राहावी. हृदय-मेंदूसाठी हे चांगलं, पण हातापायांचे स्नायू आणि नसा गार पडतात. बोटं जुळत नाहीत, दोर धरवत नाही, हात जड होतात. पाच-दहा मिनिटांत चांगला पोहणाराही किनारा दिसत असताना पुढे सरकू शकत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, हे लक्षात घेतलं की यात आश्चर्य वाटत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जाणं, म्हणजे खरं अतिशीतन, त्याला मोठ्या माणसाच्या बाबतीत साधारण अर्धा तास किंवा जास्त लागतो. लहान मुलांचं शरीर आकाराच्या मानाने जास्त त्वचेचं असतं, म्हणून ती लवकर गारठतात.

आणि चौथी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. बाहेर आल्यावरही काही वेळ आतलं तापमान उतरतच राहतं. माणूस बाहेर येतो, हसतो, फोटो काढतो, आणि दहा मिनिटांनी थडथड उडायला लागतो. म्हणून आधी ओले कपडे काढून अंग कोरडं करायचं, वरून सुरुवात करून कपडे चढवायचे, टोपी घालायची, कोमट गोड चहा घ्यायचा. लगेच कढत पाण्याखाली उभं राहायचं नाही, चक्कर येऊ शकते. लगेच गाडीही चालवायची नाही.

मग तिथले लोक पोहतात ते कसे?

पोहतात, आणि हौसेने पोहतात. पोर्टोबेलोला हिवाळ्यातसुद्धा सकाळी लोकरीची टोपी घालून पाण्यात उतरणारे दिसतात, त्यात आजीबाईही असतात. १ जानेवारीला फोर्थच्या रेल्वेपुलाजवळ साउथ क्वीन्सफेरीला वेडेवाकडे वेष करून थंड समुद्रात डुबकी मारायची प्रथा १९८० च्या दशकात सुरू झाली. तिला 'लूनी डूक' म्हणतात. स्कॉट बोलीत 'डूक' म्हणजे डुबकी, आणि 'लूनी' म्हणजे काय ते सांगायला नको.

पण सगळेच असे नव्हेत. १९३६ साली याच पोर्टोबेलोला समुद्राला खेटून एक भलामोठा उघडा तलाव बांधला होता. शेजारच्या वीजकेंद्रातल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर त्याचं पाणी तापवायचे, लाटा करणारं यंत्रही होतं. पुढे सिनेमात गाजलेले शॉन कॉनरी १९५० च्या दशकात तिथे जीवरक्षक होते. तो तलाव १९७९ साली बंद पडला. समुद्र दहा पावलांवर असताना लोक पैसे देऊन तापवलेल्या पाण्यात पोहत होते, यातच त्या समुद्राबद्दल काय ते आलं.

रोज उतरणाऱ्यांना जमतं ते सवयीमुळे. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तरी पहिल्या धक्क्याची तीव्रता बरीच कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण सवय धक्क्याची होते, हातपाय गार पडायचे ते पडतातच. म्हणून जाणती माणसं चालत उतरतात, मानेवर-तोंडावर पाणी मारून घेतात, श्वास जागेवर येईपर्यंत उभी राहतात, किनाऱ्याला समांतर पोहतात, भडक रंगाची टोपी घालतात आणि एकटी कधी जात नाहीत. गार पाण्याने हे बरं होतं, ते बरं होतं अशा पोस्टही फिरतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना अजून भक्कम पुरावा नाही. मजा येते, मन ताजं होतं, एवढं माझ्या मते पुरेसं आहे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आपल्या माणसांनीही हा समुद्र जिंकला आहे बरं का! उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या मध्ये नॉर्थ चॅनल आहे, सुमारे ३५ किलोमीटर रुंद. पोहण्याच्या हंगामातही पाणी साधारण १० ते १४ अंश, वर डंख मारणाऱ्या मोठमोठ्या जेलीफिश. १९४७ साली टॉम ब्लोअर यांनी ती पहिल्यांदा पोहून पार केली. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांमध्ये ती धरली जाते. त्या सातही पार करणाऱ्यांत पुण्याचे रोहन मोरे (२०१८) आणि मुंबईचा प्रभात कोळी (२०२३) आहेत. हे अंगभर रबरी पोशाख न घालता, साध्या पोहण्याच्या कपड्यात करायचं असतं. इंग्लिश खाडी पोहायची तरी आधी १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. महाराष्ट्राच्या समुद्रात असं पाणी बाराही महिने कुठेच मिळत नाही. म्हणजे या मुलांना नुसतं पोहणं शिकून भागलं नाही, थंडीही वेगळी शिकावी लागली.

त्या आईला मी काय सांगितलं

हे सगळं फोनवर सांगणं शक्य नव्हतं. मी तिला चारच गोष्टी मुलाला कळवायला सांगितल्या. सूर मारू नकोस, चालत उतर. कमरेएवढ्या पाण्यात श्वास शांत होईपर्यंत पुढे जाऊ नकोस. पाच मिनिटांत बाहेर ये, बरं वाटत असलं तरी. आणि चुकून खोल पाण्यात पडलास तर लगेच पोहायला लागू नकोस. डोकं मागे टाकून, कान पाण्यात जाऊ देऊन उताणा तरंगत राहा, मिनिटभराने श्वास सुधारला की मग हात हलव किंवा हाक मार. दुसरं कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी न घेता ९९९ ला फोन करून 'कोस्टगार्ड' मागायचं आणि तरंगणारं काहीतरी त्याच्याकडे फेकायचं, हेही सांगितलं. ते मी आपल्या इथल्या नदी-विहिरींच्या अनुभवावरून जोडलं. मागोमाग उडी मारणारे आपण खूप गमावले आहेत.

रविवारी रात्री मुलाचा मेसेज आला. "बाई, कमरेपर्यंत गेलो. श्वासच घेता येईना. दोन मिनिटांत बाहेर. शर्टाची बटणं मित्राने लावली."

वर्गात करून बघा

त्या बटणांवरून मला एक कृती सुचली आणि मी ती पाचवीच्या वर्गात केली. एका टबात पाणी आणि भरपूर बर्फ घ्या, तापमापीने तापमान मोजा. मुलाला आधी कोरड्या हाताने वहीत आपलं नाव लिहायला आणि शर्टाचं एक बटण काढून लावायला सांगा, वेळ मोजा. मग लिहिता हात मनगटापर्यंत पाण्यात धरायला सांगा. जास्तीत जास्त एक मिनिट, आणि दुखायला लागलं की लगेच बाहेर. मग पुन्हा नाव आणि पुन्हा बटण. दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवा. माझ्या वर्गात एका मुलीला बटणाला आधी चार सेकंद लागले होते, नंतर एकोणीस. दम्याचा त्रास असलेल्या किंवा हाताला जखम असलेल्या मुलांना पाण्यात हात घालायला लावू नका, त्यांना घड्याळ आणि तापमापी सांभाळायला द्या.

दुसरी कृती मे महिन्यासाठी. एका वाटीत वाळू, एका वाटीत पाणी, दोन्ही सकाळी नऊला उन्हात ठेवा आणि सायंकाळी सहापर्यंत दर तासाला तापमान लिहा. वाळूचा आकडा सर्वांत वर कधी गेला आणि पाण्याचा कधी, ते आलेख कागदावर काढा. वाटीतल्या पाण्याला जो थोडासा उशीर होतो, तोच समुद्राच्या बाबतीत दोन महिन्यांचा होतो.